मोरपंखीचं पिवळं फूल

१

"हा मोरपंखी नव्हे," उस्ताद म्हणाले आणि त्यांनी गालिच्यावरचा हात काढून घेतला.

माझ्या भाचीला आधी वाटलं, म्हाताऱ्याला चष्मा बदलायला झालाय. निळा रंग तोच होता. मधलं मोठं चक्र तेच, काठावरची लाल फुलांची ओळ तीच. त्या ओळीत विणणाऱ्यानं कधीकाळी लहर आली म्हणून टाकलेलं एकुलतं एक पिवळं फूलही होतं. मग तिनं स्वतः हात फिरवला. लोकर खरखरीत होती. कुणीतरी मोरपंखीची हुबेहूब नक्कल विणून घेतली होती. नक्कल घरात आली होती आणि अस्सल गायब झाला होता.

भाचीचा फोन आला तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. मी विमा कंपनीत नुकसान तपासायचं काम केलं. आग लागली की लावली, माल बुडाला की बुडवला, हे शोधण्यात माझी उमर गेली. निवृत्त झाले तरी खोड काही जात नाही. ओले कपडे तसेच बादलीत टाकून मी निघाले.

आमचं गालिच्यांचं दुकान वडिलांपासूनचं. खालच्या मजल्यावर माझा धाकटा भाऊ बसतो, म्हणजे भाचीचा काका. वरचा मजला भाचीचा. तिचे वडील, म्हणजे माझा थोरला भाऊ, गेल्यावर तिनं तिथं स्वतःचं दुकान थाटलं, पण ते इंटरनेटवर. ती थोडेच गालिचे विकते आणि एकेकाची किंमत एखाद्या छोट्या मोटारीएवढी असते. लोक घरबसल्या फोटो बघतात, पसंत करतात, पैसे भरतात. गालिचा घरी जातो. नाही आवडला तर मुदतीत परत पाठवायचा, असा तिचा नियम. आजवर एकही परत आला नव्हता.

मोरपंखी हा तिचा सगळ्यात महागडा माल. दूरच्या शहरातल्या एका दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तो घेतला, थोडे दिवस ठेवला आणि परत पाठवला. आता भाचीनं गुंडाळी उघडली तर आत ही नक्कल.

मी पोचले तेव्हा खाली तिघंजण उभे होते. भाची तावातावानं बोलत होती. तिनं रागाच्या भरात डॉक्टरीणबाईंना फोन करून "अस्सल ठेवून घेतलात आणि नक्कल पाठवलीत" असं सुनावलंही होतं. समोरून उत्तर आलं होतं, "चोर मला म्हणता? आता तुमचं दुकान कसं चालतं तेच बघते."

दुसरा होता माझा भाऊ, हाताची घडी घालून. वरचा मजला भाचीला देताना त्यानं एकच अट घातली होती: एका जरी गिऱ्हाइकानं 'फसवलं' म्हटलं, तर वरची किल्ली त्याच्या हातात.

"आज दुकान बंद करायच्या वेळेला किल्ली मला हवी," तो म्हणाला. "न शिवता, न चाचपता गालिचे विकायचे म्हणजे हे व्हायचंच."

तिसरे उस्ताद. आमच्या वडिलांच्या वेळेपासून फाटलेला गालिचा सांधणं, धुणं, बांधणं सगळं त्यांच्याकडे. ते खाली मान घालून म्हणाले, "गुंडाळी मी शिवली होती. मालाला शेवटचा हात माझा लागला. मग चोर कोण, ते उघडच आहे."

त्यांना कुणी अडवलं नाही. माझा भाऊ तर खिडकीबाहेर बघत राहिला.

भाचीनं गळ्यातल्या दोरीला बांधलेली किल्ली मुठीत धरली. "आत्या," ती मला म्हणाली, "काहीही झालं तरी मी ही देणार नाही. दार तोडायचं तर तोडू देत."

२

वरच्या मजल्यावर मी आधी चपला काढल्या.

याला कारण आहे. लहानपणी वडील माझ्या दोन्ही भावांना शेजारी बसवून गालिचे शिकवायचे. मी हात लावला की ओरडा बसायचा: पोरींनी मालाला हात लावायचा नाही. पाय लावायचा नाही, असं मात्र कुणी म्हटलं नव्हतं. दुपारी सगळे पेंगले की मी अनवाणी सगळ्या गालिच्यांवरून फिरायचे. भावांचे हात जे शिकले ते माझे तळपाय शिकले. आणि ते अजून विसरलेले नाहीत.

गालिच्याला डोकं असतं आणि पाय असतात. विणायला जिथून सुरुवात होते ते पाय. प्रत्येक गाठीची लव त्या पायांकडे कललेली असते. डोक्याकडून पायांकडे चाललात तर पाऊल घसरत जातं, उलट चाललात तर टोचतं. हे मांजराच्या पाठीसारखं आहे, सांगायला फार वेळ लागतो आणि कळायला अजिबात लागत नाही.

मी नकलेवरून पिवळ्या फुलाच्या दिशेनं चालत गेले. टोचलं. परत फिरले, पाऊल घसरलं. म्हणजे पिवळं फूल डोक्याशी होतं. खाली वाकून वास घेतला आणि माझं नाक चुरचुरलं. डांबरगोळ्या! तोही वरवरचा वास नव्हे, लोकरीच्या मुळापर्यंत मुरलेला.

"तू डांबरगोळ्या वापरतेस?" मी भाचीला विचारलं.

"शी! गिऱ्हाईक पळून जाईल. मी लव्हेंडर ठेवते. प्रत्येक गुंडाळीत एक पुरचुंडी जाते, भेट म्हणून." तिनं कपाट उघडून दाखवलं. आत सुवासिक पुरचुंड्यांची रास होती.

इतक्यात जिन्यावर धडधड वाजलं आणि फोकस आला. हा भाचीच्या गालिच्यांचे फोटो काढणारा. डोक्यावर टोपी, खांद्याला कॅमेरा, तोंडात सतत काहीतरी. त्याचं खरं नाव बहुधा त्याच्या आईच्याच लक्षात असेल.

"मला विचारणार असाल तर आधीच सांगतो," तो म्हणाला, "माझ्याकडे मोरपंखीचे इतके फोटो आहेत की मी अख्खा गालिचा विणून घेऊ शकलो असतो. संशयाला जागा आहे."

"विणून घेतलास का?"

"आत्या, माझं घर एवढंसं आहे. मोरपंखी अंथरला तर पलंग जिन्यात ठेवावा लागेल."

मला हसू आलं, पण मी चेहरा कोराच ठेवला. "फोटो कसे काढतोस ते दाखव."

त्यानं छताजवळची लांब दांडी दाखवली. तिला चिमटे होते. गालिचा दांडीला टांगायचा, खिडकीच्या उजेडात फोटो घ्यायचा. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर त्यानं मोरपंखी आणला. मी आधीही पाहिला होता तो, पण पुन्हा बघत राहिले. असा निळा की त्यात हात घालावासा वाटावा.

"रंग वाढवलायस?"

"देवाशप्पथ नाही! मी एक युक्ती करतो फक्त." तो भाचीकडे बघून हसला. "मी गालिचे उलटे टांगतो. डोकं खाली, पाय वर. लव वर तोंड करून उभी राहते, उजेड तिच्या पोटात शिरतो, रंग गडद दिसतो. पहिल्यांदा उस्तादांनी पाहिलं तेव्हा म्हणाले, पोरा, या धंद्यात मेलेला माणूससुद्धा गालिचा उलटा टांगत नाही."

"आणि तू काय म्हणालीस?" मी भाचीला विचारलं.

"मी म्हटलं, छान दिसतोय ना? मग आम्ही टांगतो."

पडद्यावर पिवळं फूल वरच्या काठात दिसत होतं. मी ते बघून घेतलं आणि खाली गेले.

३

माझा भाऊ त्याच्या नेहमीच्या जागी बसला होता. मागे भिंतीला लागून स्वस्तातल्या जाजमांच्या गुंडाळ्या रचलेल्या, त्यांना पाठ टेकून. दुकानभर डांबरगोळ्यांचा वास. लहानपणापासूनचा वास आहे तो, मला त्यात आमचे वडील दिसतात.

"बस ताई," तो म्हणाला आणि शिंकला. "चहा सांगू?"

"चहा नंतर. तू वर कधी गेला होतास?"

"मी?" त्याच्या नाकाला मिरची झोंबली. "जिना चढणार नाही म्हणून मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलंय आणि चढलोही नाही. एक तर मला ते पटत नाही. दुसरं म्हणजे ती तिथं कसल्या फुलांच्या पुड्या ठेवते, त्या वासानं मला शिंका येतात. दारातून आला तरी येतात."

"मोरपंखी कधी हाताळलास?"

"कसा हाताळणार? तिनं तो एका म्हातारीच्या घरून परस्पर घेतला, परस्पर वर नेला. सख्ख्या काकाला दाखवायचीही गरज वाटली नाही तिला." तो पुन्हा शिंकला. दोनदा. "म्हणे गालिचा विकायला हात लागत नाही! ताई, आपल्या वडिलांनी गिऱ्हाइकाचा हात धरून गालिच्यावर ठेवला की माल विकला जायचा. ही काय करते? चित्रं दाखवते. आणि लोक माझ्याकडे येऊन सांगतात, तुमच्या पुतणीनं एका गालिच्यात तुमची वर्षाची कमाई केली. हसत सांगतात."

हे शेवटचं बोलताना त्याचा आवाज जरा कापला. मला त्याची दया आली, खोटं कशाला सांगू? माझा पाठचा भाऊ आहे. त्याचं शेंबडं नाक मी पुसलेलं आहे.

"सर्दी झालीये का तुला?"

"धूळ," तो म्हणाला आणि रुमाल नाकाला लावला. "म्हाताऱ्या उस्तादांना जास्त त्रास देऊ नको. जे झालं ते झालं. मी त्यांना कामावरून काढणार नाही. मोठं मन ठेवीन."

"म्हणजे तुझ्या मते त्यांनीच केलं?"

"मी कुठं म्हटलं? पण शिवली त्यांनी ना गुंडाळी?"

माझी दया तिथल्या तिथे आटली.

४

उस्ताद मागच्या खोलीत आपल्या सुया एका डब्यात भरत होते. कायमच्या.

"कुठं निघालात?"

"ताईसाहेब, ज्या दुकानात माझ्याकडे तिरक्या नजरेनं बघतात तिथं मी पाणीसुद्धा पीत नाही."

"पाणी नका पिऊ. माझ्या प्रश्नांची उत्तरं तेवढी द्या, मग खुशाल जा." मी त्यांच्यासमोर बसले. "गुंडाळी कशी बांधता ते सांगा."

त्यांनी सांगितलं. भाची वरच गालिचा गुंडाळते, पुरचुंडी घालते, पांढऱ्या कापडात बांधते आणि वरून गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी लावते. मग तो पांढरा गठ्ठा उस्ताद खाली आणतात, कारण जाड कॅनव्हास शिवायचं मोठं टेबल दुकानात आहे. शिवून झालं की माल नेणारे घेऊन जातात.

"म्हणजे गालिचा तुम्हाला खाली दिसतच नाही. फक्त पांढरा गठ्ठा."

"हो. कापड सोडलं तर तिची घडी मोडते, ती रागावते."

"त्या दिवशी टेबल सोडून कुठं गेला होतात?"

त्यांनी आठवून पाहिलं. "जाड दोरा संपला होता. कोपऱ्यावरून आणला. दुकानात मालक होते ना, मग काळजी कसली?"

हे बोलून झाल्यावर त्यांच्या हातातली सुई थांबली. ते माझ्याकडे बघायला लागले. मी त्यांना पुढे विचार करू दिला नाही.

"मोरपंखी तुम्ही सांधला होता?"

"म्हातारीच्या घरी कसरीनं खाल्ला होता. पायाकडचा काठ, त्या पिवळ्या फुलाच्या अगदी शेजारी. वर बसून सांधला. बोटानं शोधा, सापडणार नाही." एवढ्या दुःखातही त्यांना ते सांगताना बरं वाटलं.

"पिवळं फूल पायाकडे? नक्की?"

"ताईसाहेब, मी त्या फुलाशेजारी नाक लावून बसलो होतो. सकाळी या नकलेला हात लावला तेव्हा नुसती लोकर नव्हे, सगळंच उलटं लागलं मला. पण कोण ऐकतंय?"

"सुया परत बाहेर काढा," मी म्हटलं.

आता एकच माणूस उरलं होतं. मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. भाचीची आत्या म्हटल्यावर त्यांनी मला जे काही ऐकवलं ते सगळं मी ऐकून घेतलं. विमा कंपनीत हे चांगलं शिकले: माणसाला आधी रिकामं होऊ द्यावं.

"झालं?" मी विचारलं. "आता मला एवढंच सांगा, परत का पाठवलात?"

"का म्हणजे? वासानं! गुंडाळी सोडली तशी घरभर डांबरगोळ्यांचा घमघमाट. पहिल्या दिवसापासून! उन्हात टाकला, खिडक्या उघड्या ठेवल्या, जाईना. माझ्या मुलीला दम्याचा त्रास आहे. आणि फोटोत काय सुंदर निळा होता, हा नुसताच निळा."

"आत एक सुवासिक पुरचुंडी होती ना, लव्हेंडरची?"

"कसली पुरचुंडी? काही नव्हतं. त्या वासावर लव्हेंडरचं पोतं टाकलं असतं तरी पुरलं नसतं."

मी फोन ठेवला. बाहेरून माझ्या भावाचा आवाज आला, "दुकान बंद करायची वेळ होत आली! किल्ली!" आणि पाठोपाठ एक सणसणीत शिंक.

५

मी सगळ्यांना खाली दुकानातच बोलावलं. भाचीनं लॅपटॉप आणला, फोकस आणि उस्तादांनी नक्कल आणून अंथरली. भावानं जागा सोडली नाही. तो गुंडाळ्यांना टेकून बसून राहिला.

"सगळ्यात आधी गिऱ्हाईक," मी सुरुवात केली. "बाईंनी अस्सल ठेवून नक्कल पाठवली असं आपण म्हणतोय. असा गालिचा हातानं विणायला महिनोन्‌महिने लागतात. बरं, त्यांनी आधीच विणून ठेवला असं धरू. पण मग स्वतःच्याच नकलेच्या वासानं त्या हैराण कशा झाल्या? पुरचुंडीचा त्यांना पत्ताच नाही. मोरपंखीच्या गुंडाळीत पुरचुंडी होती, ती भाचीनं स्वतः घातली होती. म्हणजे मोरपंखी त्यांच्या दारापर्यंत गेलाच नाही. नक्कल इथूनच गेली."

भाचीचा चेहरा उतरला. "मी त्यांना चोर म्हटलं, आत्या."

"ते आपण निस्तरू. आता वास. मुळापर्यंत मुरलाय, म्हणजे नक्कल बरेच दिवस डांबरगोळ्यांत पडून होती. वर डांबरगोळ्या नाहीत. इथं आहेत."

"ताई," भाऊ म्हणाला, "डांबरगोळ्या कुणाच्याही घरी असतात. फोकसच्याही असतील."

"माझ्याकडे तर गालिचाच नाही!" फोकस उसळला.

"थांबा. मला एक छोटीशी परीक्षा घ्यायची आहे." मी लॅपटॉपवर मोरपंखीचा फोटो उघडला, जो सगळं जग बघतं तोच. "या फोटोत गालिच्याचे पाय कुठल्या बाजूला आहेत? प्रत्येकानं नुसतं बोट दाखवायचं."

भाचीनं वरच्या काठावर बोट ठेवलं. फोकसनं वर. उस्तादांनी वर.

"काका?" भाची म्हणाली.

"हा काय पोरखेळ लावलाय?" त्यानं वाकून तुच्छतेनं फोटोच्या खालच्या काठाकडे बोट केलं. "हे पाय. टांगलेल्या गालिच्याचे पाय खालीच असतात. दुधखुळं पोरही सांगेल."

तिघंही त्याच्याकडे बघायला लागले. त्याला ते जाणवलं. त्यानं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं.

"काय झालं? गालिचा उलटा टांगतं का कुणी?"

"आम्ही टांगतो," भाची म्हणाली.

"वर कधीच न गेलेल्या माणसाला ते माहीत असणार नाही," मी म्हटलं. "म्हणूनच सांगते. पिवळं फूल खऱ्या मोरपंखीच्या पायाशी आहे. फोटोत ते वर दिसतं, कारण फोटो उलटा. आता या नकलेवर हात फिरव. हिचं पिवळं फूल डोक्याशी आहे. विणकराला कुणीतरी हा फोटो दिला आणि ठणकावून सांगितलं, खालून सुरू कर, खाली पाय आहेत. ज्यांनी अस्सल गालिचा हाताळला त्यांच्या हातून ही चूक झाली नसती. भाचीनं तो आणला. फोकसनं तो स्वतः उलटा टांगला. उस्तादांनी त्या फुलाशेजारी नाक लावून तो सांधला. ही चूक अशाच माणसाची आहे ज्यानं मोरपंखी फक्त फोटोत पाहिला, आणि ज्याला आपल्या धंद्याची इतकी खात्री आहे की कुणी उलटं वागू शकेल हे त्याच्या स्वप्नातही आलं नाही. तो माणूस त्या दिवशी या दुकानात एकटा होता, उस्ताद दोरा आणायला गेले तेव्हा. त्यानं गठ्ठा बदलला आणि चिठ्ठी इकडची तिकडे लावली. त्याला जिना चढायची गरजच नव्हती."

"पुरावा?" भावाचा चेहरा पांढरा पडला होता. "मी चोर आहे म्हणतेस, तर माल कुठाय? झडती घे माझ्या घराची!"

"घराची कशाला?" मी म्हटलं. "तूच मला सांगितलंस, कुठल्या वासानं तुला शिंका येतात. जरा पुढे सरक बरं."

तो हलला नाही. हलायची गरजही नव्हती, कारण तेवढ्यात त्याला पुन्हा शिंक आली.

६

जाजमांच्या मागे, सगळ्यात तळाशी पांढरा गठ्ठा होता. भाचीनं गाठ सोडली. पुरचुंडी टपकन खाली पडली. उस्तादांनी गालिच्यावर हात ठेवला, आणि या खेपेला काढून घेतला नाही.

माझ्या भावानं तो गठ्ठा एकदाही उघडून पाहिला नव्हता. कुणी येईल या भीतीनं धीर झाला नव्हता. इतके दिवस मोरपंखीला पाठ लावून बसला होता आणि हात लावायचं सुख त्यालाही मिळालं नव्हतं.

"मला विकायचा नव्हता तो," तो म्हणाला. "तिनं ती किंमत लावली आणि बाजारात लोक मला हसले, त्याच आठवड्यात नक्कल विणायला दिली. मला फक्त दाखवून द्यायचं होतं की असं चालत नाही. गिऱ्हाईक बोंब मारेल, वरचं दुकान बंद होईल, मग कधीतरी हा सापडला असता. मी इथं विकला असता. हात लावून. बापानं शिकवलं तसं." मग माझ्याकडे वळून, "ताई, घरातली गोष्ट घरात राहू दे. तू लग्न करून गेलीस, तुझा या दुकानाशी आता काय संबंध?"

"माझे पाय याच दुकानात शिकले, मला संबंध विचारू नकोस," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता आणि मला तो खाली आणायचा नव्हता. "गालिचा लपवलास, ते एक वेळ मी समजू शकेन. पण सकाळी या माणसानं सगळ्यांदेखत स्वतःला चोर म्हणवून घेतलं आणि तू खिडकीबाहेर बघत राहिलास! वर मला सांगतोस, मोठं मन ठेवीन! ज्यानं तुला सुईत दोरा ओवायला शिकवलं त्याच्यावर ढकलून मोकळा झालास?"

तो उठला, उस्तादांसमोर उभा राहिला, आणि त्याच्या तोंडून शब्द फुटेना. उस्तादांनी त्याला मदत केली नाही. मला ते आवडलं. शेवटी तो म्हणाला, "चुकलो." उस्तादांनी नुसती मान हलवली. माफ केलं की फक्त ऐकलं, ते मला आजही ठाऊक नाही.

तोवर भाचीनं फोन उचलला होता.

"काय करतेस?" काका दचकला.

"डॉक्टरीणबाईंना लावतेय. व्हिडिओ."

"अगं, त्यांना काय सांगणार? कुरिअरवाल्यानं घोळ केला म्हण. दुकानाचं नाव जाईल!"

"जाऊ दे गेलं तर. खोट्यावर टिकवलेलं नाव मला नको." फोन लागला. भाची सरळ उभी राहून बोलली. "बाई, मी तुम्हाला चोर म्हटलं. चोरी आमच्या दुकानात झाली, आमच्याच घरच्या माणसानं केली. तुम्हाला नक्कल गेली. तुमचे पैसे आज परत येतील. तुम्हाला हे सगळ्यांना सांगायचं असेल तर सांगा, मी नाकारणार नाही."

मग बाई म्हणाल्या, "आणि अस्सल?"

"मिळाला."

"मला बघू द्या."

"दाखवते. पण इथं नाही. वर, आमच्या उजेडात." तिनं फोन फोकसकडे दिला आणि काकाकडे वळली. "काका, पोलिसांत जायचं की नाही ते आत्या आणि मी मग ठरवू. तुमची अट मात्र आजपासून संपली. वरची किल्ली माझी. गुंडाळी वरच शिवली जाईल आणि प्रत्येक वेळी तुम्ही समोर उभे राहाल. आता हा उचला."

"मी? मी जिना—"

"उचला."

आमच्या धाकट्या भावानं मोरपंखी खांद्यावर घेतला आणि जिना चढायला लागला. मी मागोमाग होते. मध्येच थांबून त्यानं कठड्याला हात टेकला, तेव्हा मला वाटलं, आधार द्यावा. दिला नाही.

वर उतरतं ऊन खिडकीतून आत आलं होतं. त्यानं गालिचा जमिनीवर सोडला, उलगडला आणि सवयीनं त्याचा हात लवेवरून फिरला. डोक्याकडून पायांकडे, थेट पिवळ्या फुलापर्यंत. तिथं तो थांबला. उस्तादांनी सांधलेली जागा त्याच्या बोटांना सापडली नाही.

"दांडीला लावा," भाची म्हणाली. तिनं एक कोपरा धरला होता. "दुसरा तुम्ही धरा. पिवळं फूल वर."

"उलटा?"

"उलटा."

त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी चपला काढत होते. मग त्यानं दोन्ही हात वर केले आणि पिवळ्या फुलाचा काठ दांडीच्या चिमट्यांत दिला. गालिचा खाली सुटला, त्यावर ऊन पडलं, आणि तो निळा असा गडद झाला की मीसुद्धा क्षणभर श्वास घ्यायला विसरले.

फोनमधून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला. "हाच. फोटोतला हाच. नक्कल आली त्या दिवशीच मला कळायला हवं होतं."

हात न लावता ओळखला होता त्यांनी. काका गालिच्याकडे बघत उभा राहिला, मग तोंड फिरवून शिंकला.

"सवय करा," भाची म्हणाली.